पनाह, शेवटी ह

शाळेत नाव घालायला दादा मला घेऊन गेले, तेव्हा गुरुजींनी रजिस्टरात 'पन्ना' लिहिलं. दादा टेबलाच्या अलीकडून उलटं वाचत होते. ते म्हणाले, "पन्ना नाही, पनाह. शेवटी ह आहे."

गुरुजी चष्म्यावरून बघत म्हणाले, "अहो, पन्ना चांगलं आहे की. रत्नाचं नाव आहे."

"चांगलं असेल. तिचं नाही."

गुरुजींनी खाडाखोड केली. नव्या रजिस्टराचं पहिलंच पान खराब झालं म्हणून ते दिवसभर माझ्यावर नाराज आहेत, असं मला वाटत राहिलं. माझे वडील, म्हणजे दादा, एरवी कुणाशी हुज्जत घालणारे नव्हते. भाजीवाल्यानं वजनात मारलं तरी मुकाट्यानं पिशवी उचलून चालायला लागायचे. माझ्या नावातल्या त्या एका अक्षरासाठी मात्र ते कुठंही अडून उभे राहायचे, रेशनच्या दुकानात, दवाखान्यात, देवीची लस टोचायला आलेल्या माणसासमोरसुद्धा.

आम्ही मूळचे फुलंब्रीकडचे. अठ्ठेचाळीस साली निझामाविरुद्ध पोलिस ॲक्शन झाली आणि त्यानंतर महिनाभरात माझा जन्म झाला. मी चार वर्षांची असताना दादांना औरंगाबादला नोकरी लागली. निझामाच्या राज्यात त्यांचं सगळं शिक्षण उर्दूतून झालेलं. राज्य गेलं, पण कचेऱ्यांमधले कागद उर्दूच राहिले, ते वाचून मराठीत उतरवून द्यायला माणूस लागत होता. शहागंजजवळ दोन खोल्यांत आम्ही राहायला लागलो. दादा, माय, मी आणि पुढं झालेला धाकटा भाऊ. भावाचं नाव आमच्या गल्लीतच चौघांचं होतं. त्याला कुणी दुसऱ्यांदा विचारायचं नाही.

मला सगळे दुसऱ्यांदा विचारायचे. वर्गातल्या मुली उन्हाळा आला की 'पन्हं' म्हणायच्या, कैरीचं. थोड्या मोठ्या झाल्यावर त्या कंबरेत वाकून 'जहांपनाह' म्हणायला लागल्या. मायबरोबर शहागंजात कापड घ्यायला गेले की दुकानदार गिऱ्हाइकाला म्हणायचा, "पन्हा केवढा पाहिजे?" कापडाची रुंदी विचारत असायचा तो, पण मी दचकून वर बघायचे.

सगळ्यात जास्त लागलं ते एका मैत्रिणीच्या आईचं बोलणं. ती मैत्रीण मुसलमान होती, आणि मला मनातून वाटत होतं की निदान त्यांच्या घरी तरी माझं नाव ओळखीचं असेल. तिच्या आईनं मला शेवया दिल्या, नाव विचारलं आणि हसली. म्हणाली, "ये नाम नहीं है बेटी, ये तो लफ्ज है. जहांपनाह असतं, आलमपनाह असतं. नुसतं पनाह मुलीला कोण ठेवतं?"

म्हणजे आमच्या लोकांना ते मुसलमानांचं नाव वाटत होतं, आणि मुसलमानांना ते नावच वाटत नव्हतं. त्या दिवशी मी शेवया तशाच ठेवून घरी आले आणि दादांना विचारलं.

"पनाह म्हणजे आसरा," ते म्हणाले. "फारसी शब्द आहे."

"पण मला का ठेवलं?"

"चांगला शब्द आहे," एवढं बोलून त्यांनी टोपी घातली आणि बाहेर पडले. बाहेर त्यांना काही काम नव्हतं. कचेरीतून येऊन अर्धा तास झाला होता.

मायला विचारलं. ती म्हणाली, "तुझ्या आधीची दोन लेकरं वाचली नाय. म्हनून देवाचा आसरा मागितला, म्हनून ते नाव."

"मग देवाचंच नाव ठेवायचं ना."

"तुझ्या दादाला इचार."

असं माझं लहानपणभर चालू राहिलं. या खोलीतून त्या खोलीत, दादांकडून मायकडं. या नावानं मला कधी एका जागी स्वस्थ बसू दिलं नाही. कुणी नव्यानं भेटणार असलं की आदल्या दिवसापासून मी मनात उत्तर जुळवत राहायचे. नवीन शिक्षक हजेरी घ्यायला लागले की माझ्या नंबराच्या आधीचे पाच नंबर मला धड ऐकू यायचे नाहीत.

मॅट्रिकचा फॉर्म आला तेव्हा मी ठरवलं की आता पुरे. या फॉर्मवर जे नाव लागेल तेच जन्मभर राहणार, असं शाळेत सांगितलं होतं. मी फॉर्मवर दुसरं नाव लिहिलं, वर्गातल्या चौघींचं होतं तेच, मुद्दाम. दादांच्या सहीसाठी त्यांच्यासमोर ठेवला.

त्यांनी वाचला. मग म्हणाले, "हे मी आहे तोवर नाही."

"का नाही ते सांगा. कारण सांगितलं तर मी ठेवीन."

त्यांनी फॉर्म उलटा करून ठेवला. मी म्हणाले, "मला रोज या नावाचा त्रास होतो, दादा. तुम्हाला नाही होत."

दादांनी माझ्याकडं बघितलं. ते बघणं मला तेव्हा कळलं नाही. मी रागात होते आणि मला वाटलं, यांना हसू येतंय. ते हळू आवाजात म्हणाले, "माझ्यासाठी ठेव. एवढंच मागतो."

सकाळी फॉर्म माझ्या दप्तरात होता. लिहिलेलं नाव ब्लेडनं खरवडून काढलेलं, आणि त्या पातळ झालेल्या कागदावर दादांच्या अक्षरात 'पनाह'. दोन आठवडे मी त्यांच्याशी बोलले नाही. ते रोज कचेरीतून येताना माझ्यासाठी पेरू आणायचे आणि मी ते भावाला द्यायचे.

लग्नात नाव गेलं, अगदी सहज. ताटात तांदूळ पसरले, नवऱ्यानं अंगठीनं त्यात माझं नवं नाव लिहिलं, बायकांनी ते मोठ्यानं वाचलं, आणि झालं. साधं नाव होतं. कुणी दुसऱ्यांदा विचारणार नाही असं. मी इतकी खूश झाले की मान वर करून सगळ्यांकडं बघितलं, आणि तेव्हा लक्षात आलं की दादा मांडवात नाहीत. माय म्हणाली, "आचाऱ्याकडं गेलेत." आचारी मांडवाच्या मागंच होता. दादा तिथंही नव्हते.

मी जालन्याला गेले. तिथं मला पनाह म्हणून ओळखणारं कुणी नव्हतं. फक्त दर महिन्याला दादांचं पत्र यायचं, आणि त्यावर 'चि. सौ. पनाह हिस' असंच असायचं. पोस्टमन दारात उभा राहून विचारायचा. सासूबाई म्हणायच्या, "आमच्याकडं असं कुणी नाही हो," आणि मग आठवून, "थांबा, आमच्या सूनबाईंचं असेल." मी दादांना लिहिलं, की नव्या नावानं पत्र पाठवत जा. त्यांनी पुढच्या पत्रात बाकी सगळ्या गोष्टींची उत्तरं दिली, याचं दिलं नाही.

नवं नाव आलं म्हणजे चैन पडेल अशी माझी समजूत होती. दोन-तीन वर्षं पडलीही. मग मला शाळेत नोकरी लागली, आणि दर जूनला नव्या मुलांची नावं रजिस्टरात लिहिताना मी शोधायला लागले. कुणी सांगितलं नव्हतं, तरी. पुढं आम्ही नोकरीनिमित्त परत औरंगाबादला आलो, शाळा बदलल्या, शेकडो मुलींची नावं माझ्या हातानं लिहिली. काही वर्षी एकच नाव पाच-पाच जणींचं असायचं, मग ते मागं पडून दुसरं यायचं. पनाह एकदाही आलं नाही. कुणी मला मागून हाक मारली की वळायला मला एक क्षण जास्त लागायचा. त्या एका क्षणात मी कोण असायचे ते मला सांगता येत नाही.

दादा गेले तेव्हा मी तिशी ओलांडली होती. तेराव्याच्या दिवशी दुपारी घरात पंगत चालू होती. मी आत वाढायला पुरणपोळ्या काढत होते. दारात कुणीतरी बाई आल्याचं ऐकू आलं, आणि नुकतीच लग्न होऊन आलेली भावाची बायको सांगत होती, "नाही हो, असं कुणी राहत नाही इथं."

"पनाह," ती बाई पुन्हा म्हणाली. "या घरची लेक."

शेवटचा ह तिनं असा काही उच्चारला होता की मी हातातलं ताट खाली ठेवलं आणि बाहेर आले.

पांढरी ओढणी डोक्यावरून घेतलेली, सडपातळ, साठीच्या आतबाहेरची मुसलमान बाई होती. हातात निळ्या काचेच्या बांगड्या. तिनं मला नखशिखांत बघितलं आणि म्हणाली, "उंची बापाची घेतली." तेवढ्यात माझ्यामागून माय आली. मायनं पुढं होऊन तिचे दोन्ही हात धरले. माय तिला आत ओढायला लागली, तर ती म्हणाली, "नक्को. आज नको." मग मला म्हणाली, "छावणीत राहते. बाजाराच्या मागं. गोधड्या शिवणारी बूबू म्हटलं की कोणी पण दाखवंल. तुला यायचं असलं तर ये."

ती गेल्यावर मी मायला विचारलं, कोण?

"बूबू हाय. तुला तिनं बाहीर काढलं."

"सुईण होती?"

"नाय," माय म्हणाली आणि पंगतीकडं गेली.

मी आठव्या दिवशी छावणीत, म्हणजे शहराबाहेरच्या लष्करी वस्तीत, गेले. बूबू भाच्याच्या घरी, पुढच्या खोलीत एका चटईवर बसून गोधडी शिवत होती. मला बसायला सांगितलं, आतून चहा मागवला, आणि हात न थांबवता सांगायला लागली. तिचं मराठी आमच्या गावाकडचंच होतं, मधूनच दखनी यायची.

"माझा मरद शिंपी होता. तुझ्या बापाचे सदरे तोच शिवायचा. ॲक्शन झाली, आणि चार दिवसांनी आमच्या गल्लीत लोकं घुसले. रझाकारांनी आधी गावाला लई छळलं होतं, त्याचा राग आमच्यावर काढला. त्यात आम्ही कुठं होतो? माझा मरद तर मशीनवरून उठत नव्हता. सांजच्याला आम्ही दोघं मागच्या बोळातून तुमच्या दारात आलो. मी बोलले, भाऊ, पनाह द्या. मला जन्मापासून मराठी येतं बेटा. पण त्या वक्ताला तोंडातून तेच निघालं."

माझ्या हातातला चहा मी खाली ठेवला.

"तुझ्या बापानं मला आत घेतलं," बूबू म्हणाली. "त्याला नाही."

"का?"

"तुझा बाप मागनं बोलला, बाई लपंल, गडी लपायचा नाही. दोघं सापडले तर घर जाळतील. तुझी माय पोटुशी, दिवस भरलेले. मी खोटं कायकू बोलू, सगळं खरं होतं. पण दार लागलं तेव्हा मी आत होते आणि तो बाहेर. कात्री त्यानं बोळातच माझ्या हातात दिली होती, वाटेत कोणी हिसकावून घेईल म्हणून. नदीकडं गेला म्हणे. परत आला नाही. मेल्याचं पण कोणी सांगितलं नाही." तिनं मनगट वर करून बांगड्या दाखवल्या. "म्हणून ह्या."

बूबू आमच्या घरच्या बळदात राहिली. बळद म्हणजे धान्य साठवायची आतली खोली, खिडकी नसलेली. एका दुपारी मायच्या पोटात कळा सुरू झाल्या. सुईण शेजारच्या गावची, त्या दिवसांत ती गावाबाहेर पडायला तयार नव्हती. दादा दोनदा जाऊन परत आले. मग बूबू आपणहून बळदाबाहेर आली.

"मला स्वतःला लेकरू नाही," ती म्हणाली. "बाळंतपण बघितलं होतं, केलं नव्हतं. तुझी माय ओरडायला लागली तर शेजारच्या बाया येणार, मला बघणार. मी तिला बोलले, ओरड. दुसरं काय बोलणार? पण तिनं तोंडात पदर कोंबला. शेवटपर्यंत आवाज नाही काढला. नाळ मी त्याच्याच कात्रीनं कापली, उकळून घेतली होती."

बाराव्या दिवशी दादांनी दार लावून घेतलं आणि घरातल्या घरात बारसं केलं. बाळाच्या कानात नाव सांगायला आत्या लागते. आत्या येणार कुठून, वाटा बंद होत्या. दादांनी बूबूला बोलावलं आणि म्हणाले, बूबू, तू सांग.

"मी विचारलं, काय नाव? तर तोच शब्द बोलला. मी बोलले, नक्को भाऊ. दुसरं कोणतं पण ठेवा. तुझी माय पण नको नको करायला लागली. मी बोलले, रोज हाक मारणार, रोज मला ते दार ऐकू येणार. तर काय बोलला माहीत आहे? बोलला, तुला नाही बूबू, मला ऐकू यायला पाहिजे."

"मग सांगितलं तुम्ही?"

"रडत सांगितलं. तू झोपलेली होतीस."

रस्ते चालू झाल्यावर तिचा भाऊ येऊन तिला छावणीत घेऊन गेला. आम्ही शहरात आल्यापासून दादा दर ईदला तिच्याकडं जायचे. आम्हाला वाटायचं, सुट्टी आहे म्हणून कुणा कचेरीतल्या माणसाकडं जातात. बूबू म्हणाली, "दारात उभा राहायचा. तब्येत विचारायचा. तुझं सांगायचा, मॅट्रिक झाली, लग्न झालं, शाळेत शिकवायला लागली. मी ऐकायची. पण मी त्याला कधी आत ये म्हटलं नाही. यंदा रिक्षातून आला, उभं राहवत नव्हतं त्याला, तरी नाही म्हटलं. आता कधी वाटतं, म्हणायला पाहिजे होतं. कधी वाटतं, बरं केलं."

मी उठले. छावणीपासून शहागंजपर्यंत चालत आले. इतकं अंतर मी कधी चालले नव्हते. वाटेत मला कशाचाच धड विचार करता येत नव्हता. एकदा वाटायचं, बिचारे दादा. लगेच वाटायचं, त्यांनी स्वतःला शिक्षा करून घेतली ती माझ्या अंगावर का लिहिली? मुलीचं नाव ठेवताना लोक मुलीचा विचार करतात. माझ्या बापानं दाराचा विचार केला. माझ्यासाठी ठेव, एवढंच मागतो, असं ते म्हणाले होते, आणि मी त्यांचे पेरू भावाला दिले होते. दोन्ही गोष्टी एकदम आठवत होत्या आणि एकीनं दुसरी मिटत नव्हती.

माय ओसरीवर ज्वारी निवडत बसली होती. मी चपलासुद्धा काढल्या नाहीत. म्हणाले, "बूबूनं सगळं सांगितलं."

"तिनं सांगितलं ते खरं हाय," माय म्हणाली. "पर सगळं नाय." तिनं सूप बाजूला ठेवलं. "तिला मी हाताला धरून बळदात नेलं व्हतं. दारातलं तिनं ऐकलंच नाय. दादानं त्याला जा म्हनलं नाय. तोच म्हनला, भाऊ, हिला ठिवा, मी हितं असलो तर तुमी समदे जाल. दादा नुसता हुबा राहिला. थांब म्हनला नाय, एवढंच."

"मग हे तिला कधीच का सांगितलं नाही?"

"मी सांगत व्हते की. दादानं सांगू दिलं नाय. म्हनला, मी थांब म्हनलो नाय, म्हंजी मीच घालवला. फरक काय हाय." मायनं सूप पुन्हा पुढं ओढलं. "मला तर फरक वाटतो. लई फरक वाटतो. पर त्यो ऐकायला तयार नव्हता."

मी बरेच महिने तशीच राहिले. बूबूला सांगावं की नाही, हे मला ठरवता येईना. शाळेत फळ्यावर लिहिताना मध्येच थांबायचे. घरी नवरा विचारायचा, काय झालंय तुला, आणि मी काही नाही म्हणायचे, दादांसारखीच. शेवटी एका रविवारी सकाळी उठून गेले आणि मायनं सांगितलं तसं सगळं बूबूला सांगितलं.

तिची सुई थांबली. ती म्हणाली, "तो असाच करणार होता. तुझी माय खोटं नाही बोलत." आणि मग पहिल्यांदाच ती त्याच्याबद्दल बोलायला लागली. मशीनवर बसला की गुणगुणायचा. उरलेल्या चिंध्यांतून लहान मुलांना टोप्या शिवून द्यायचा. तिच्या स्वयंपाकात मीठ कमी असलं तरी बोलायचा नाही. तासभर बोलली. मला वाटलं, बरं झालं सांगितलं.

मग तिचा चेहरा बदलला. म्हणाली, "तीस वर्षं मी तुझ्या बापाला दारात उभा केला. आणि तो उभा राहिला. एकदा बोलला असता तर काय झालं असतं? मेरे कू खोटा राग करायला लावला त्यानं. त्याला वाटलं तो सजा भोगतो. सजा मी पण भोगली ना." तिनं गोधडी गुंडाळली. "जा तू आता."

पुढच्या दोन्ही ईदना मी गेले तर तिनं मला दारातूनच परत पाठवलं. रागावून नाही. "आज नको बेटा," एवढंच. तिसऱ्या वेळेला मी दारात उभी राहिले तेव्हा ती सुईत दोरा ओवायचा प्रयत्न करत होती आणि तिला दिसत नव्हतं. वर न बघता म्हणाली, "पनाह, इकडं ये. हा दोरा घाल." मी आत गेले, दोरा ओवला, तिथंच बसले. त्यानंतर ती जाईपर्यंत, दहाएक वर्षं, मी जात राहिले. दादांचा विषय आम्ही पुन्हा काढला नाही.

त्याच काळात मी माझं नाव परत घेतलं. प्रतिज्ञापत्र केलं, वर्तमानपत्रात छोटी जाहिरात दिली, शाळेत अर्ज दिला. नवऱ्याला आधी सांगितलं. तो चांगला माणूस आहे. त्यानं बराच विचार करून विचारलं, "मी ठेवलेलं नाव वाईट होतं का?"

"नाही," मी म्हणाले. "खूप सोयीचं होतं."

तो अजूनही मला त्याच नावानं हाक मारतो, आणि मी ओ देते. शाळेत नव्या नावाची, म्हणजे जुन्या नावाची, चौकशी पुन्हा सुरू झाली. कारण विचारलं की मी कधी खरं सांगायचे, कधी सांगायचे नाही. कुणाला सांगायचं आणि कुणाला नाही, हे मला कधीच नीट जमलं नाही. काहींनी ते ऐकून माझ्या वडिलांची फार स्तुती केली, ते मला आवडलं नाही. एकदोघांनी त्यांना नावं ठेवली, तेही सहन झालं नाही.

पुढं कितीतरी वर्षांनी माझी धाकटी मुलगी बाळंतपणाला आली तेव्हा दिवसभर मोबाइलवर नावं शोधत असायची. तिला कुणाचंच नसेल असं नाव हवं होतं. एका दुपारी म्हणाली, "आई, तुझं नाव आहे बघ इथं. मूळ फारसी. अर्थ आसरा, संरक्षण. लोकप्रियता अत्यंत दुर्मिळ." ती इतकी खूश झाली. "मुलगी झाली तर हेच ठेवू का?"

मी तिला तोपर्यंत देवाच्या आसऱ्याचीच गोष्ट सांगितली होती. मायची जुनी. हे लक्षात आलं तेव्हा मला स्वतःचीच लाज वाटली. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मिळून मी तिला सगळं सांगितलं. शिंपी, कात्री, बळद, फॉर्म, पेरू. ती पोटावर हात ठेवून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मग ठेवू की नको?"

"मला सांगता येत नाही."

"तुझं नाव आहे, आई. तुला नाही येत तर कुणाला येणार?"

मुलगीच झाली. बारशाला आत्यानं तिच्या कानात दुसरंच नाव सांगितलं, छान, दोन अक्षरी. अशा तीन-चार मुली तिच्या वर्गात नक्की असतील. बायका पाळणा म्हणत होत्या आणि मला हायसं वाटत होतं. मग पेढे वाटायला उठले आणि ताट हातात घेऊन तिथंच उभी राहिले. इतकं वाईट का वाटतंय ते कळेना. मुलीनं ते बघितलं. ती जवळ येऊन म्हणाली, "तू एकदा हो म्हणाली असतीस तर मी ठेवलं असतं." मी म्हणाले, "माहीत आहे."

अलीकडं मी स्वतःच मोबाइलवर ते पान उघडून बघते. नावाच्या खाली लोकांना काही लिहायचं असेल तर जागा आहे. तिथं परभणीच्या एका बाईनं विचारलंय, आमच्या घरी मुलगी झाली आहे, हे नाव आवडलंय, ठेवावं का. मी दोन दिवस काहीबाही लिहून खोडत होते. शेवटी लिहिलं, की ठेवा, पण ते का आवडलं याचं कारण मुलगी पहिल्यांदा विचारेल त्याच दिवशी तिला सांगा. पाठवून दिलं. अजून तिचं उत्तर आलेलं नाही. मी सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा बघते.